दोन पृथ्व्यांमधली विहीर

माघात धरणाचं पाणी मागं सरतं, तेव्हा गाळाला एक वास येतो. ओल्या मडक्याचा, शिंपल्यांचा, कुजून गेलेल्या शेवाळाचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी थंड लोखंडाचा. सकाळचं धुकं उचललं की समोरचा काळाशार विस्तार उन्हात भेगाळू लागतो. बघता बघता कुणी मन लावून खापऱ्या मांडाव्यात तशी एक फरशी क्षितिजापर्यंत पसरते. किती देखणी! आणि किती फसवी! वरून वाळलेली, वीतभर खाली लोण्यासारखी मऊ. तिच्यावर पाय ठेवताना मला नेहमी वाटतं, ही जमीन अजून पुरती जमीन झालेली नाही. पाण्यानं तिला उसनी दिलेली आहे आणि ते कधीही परत मागायला येईल.

अशा उघड्या पडलेल्या गाळावर जे पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. आमचं घर भाजीवाल्यांचं. वांगी, मेथी, सांबार (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पिकवायचा आणि आर्वीच्या, रोहण्याच्या बाजारात न्यायचा. यंदा पाणी लवकर उतरलं आणि आमच्या वाट्याचा तुकडा पार आतपर्यंत उघडा पडला, थेट जुन्या गावाच्या पांढरीपाशी, जिथं पूर्वी घरं होती तिथवर. माझ्या पुतण्याची बायको वंदना हरखून गेली. ती ट्रॅक्टर चालवते, आणि चालवते म्हणजे अशी की बांधावरची माणसं विडी विझवून बघत राहतात. "काकू, यंदा डांगरवाडी लावू. असा गाळ पुन्हा भेटनार नाई," ती म्हणाली. डांगरवाडी म्हणजे टरबुजांची वाडी; तो वेल त्या मातीत काय धावला असता, ते मलाही डोळ्यांपुढं दिसत होतं. पण त्या पांढरीत एक विहीर होती.

विहीर म्हणजे नुसता खड्डा समजू नका. दगडी, घेरदार, बैलगाडी फिरेल एवढ्या तोंडाची. धरण झालं, गाव उठून वरच्या पुनर्वसनात गेलं, घरांचे दगड लोकांनी उचलून नेले, पण विहीर कोण उचलणार? ती तिथंच राहिली, पाण्याखाली, तोंड उघडं ठेवून. मग वर्षानुवर्षं पुराबरोबर वाहत आलेली झाडं-झुडपं त्या तोंडात अडकत गेली, त्यांच्यावर गाळ बसत गेला, आणि दुधावर धरावी तशी तिच्यावर साय धरली. वरून पाहिलं तर तीच फरशी, त्याच खापऱ्या. गेल्या साली पलीकडच्या काठावर अशाच एका सायीवर एका म्हशीनं पाय ठेवला. तिचा हंबरडासुद्धा पुरता ऐकू आला नाही. अर्ध्यात आवाज बुडाला. ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातली एक मी. आता म्हशीच्या जागी ट्रॅक्टर ठेवा, आणि ट्रॅक्टरवर वंदना.

म्हणून मी म्हटलं, आधी विहीर सापडू द्या, मग नांगर. आणि शोधण्याचं काम माझ्याकडं आलं, कारण गावात काळी खिडकी फक्त माझ्याकडं आहे.

हसू नका. शाळा माझी सातवीत सुटली, पण कुतूहल सुटलं नाही. लेकीनं टाकून दिलेला लॅपटॉप मी उचलला, हिंदी व्हिडिओ बघत बघत शिकले, आणि पंचायतीनं गावच्या विहिरींचा नकाशा करायला काढला तेव्हा शिकवायला आलेल्या पोरीच्या पडद्यावर ती खिडकी पहिल्यांदा पाहिली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळी पाटी, तिच्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ. आपण एक ओळ लिहायची, तिनं खाली एका ओळीत उत्तर द्यायचं. मला ती तत्काळ आवडली. माझ्या आईचं जातं असंच होतं. वरून मूठ टाकावी, खालून पीठ यावं, मधल्या अंधारात काय घडतं ते विचारू नये. ह्या जात्याचं नाव सीएसटूसीएस. एका नकाशाच्या भाषेतले आकडे घालायचे, दुसऱ्या नकाशाच्या भाषेतले बाहेर येतात.

पण नकाशांना वेगवेगळ्या भाषा लागतातच कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळून पाहा. माठ गोल, फडकं सपाट. कितीही ताणा, सुरकुती कुठंतरी पडणारच. कुणी ती गळ्याशी लपवतो, कुणी बुडाशी. पृथ्वीच्या माठावर कागदाचं फडकं गुंडाळणाऱ्यांनी हेच केलं. प्रत्येकानं आपली सुरकुती आपल्या सोयीनं लपवली, आणि म्हणून एकाच बाभळीचे, एकाच उंबऱ्याचे, एकाच विहिरीचे आकडे प्रत्येक नकाशावर निराळे. स्थान एक आणि त्याची नामावली अनंत! विष्णूची सहस्र नावं आपण भक्तीनं घेतो. मग विहिरीनं चार नावं घेतली तर बिघडलं कुठं?

शिकताना चुका केल्या नाहीत असं नाही. आपण मराठी माणसं जन्मभर 'अक्षांश-रेखांश' असंच म्हणतो, आधी अक्षांश, मग रेखांश. त्या जिभेच्या सवयीनं मी आकडे त्याच क्रमानं घातले; मी लिहिली होती त्या आज्ञेला ते उलटे हवे होते. आमची वांग्याची वाडी थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या समुद्रात जाऊन पडली. वंदना तेव्हा पोट धरून हसली होती. "काकू, थंडीनं वांगे गारठून राह्यले असतीन, एखादी गोधडी धाडा!" ती चूक एवढी ढळढळीत होती की तिची भीती वाटली नाही. भीती वाटावी ती जवळच्या चुकीची. दूरची चूक आपण होऊन ओरडते. जवळची चूक शहाण्या शेजारणीसारखी हसून बसते.

धरणाच्या वेळच्या मोजणीचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर काचेत टांगलेला आहे. त्यावर जुन्या गावची विहीर एका बारीक वर्तुळानं दाखवलेली, शेजारी मीटरांमधले दोन लांबलचक आकडे. मी त्याचा फोटो काढला, घरी येऊन आकडे काळ्या खिडकीत घातले, बाहेर आलेले अक्षांश-रेखांश फोनमध्ये भरले, आणि आम्ही तिघं गाळावर उतरलो. मी, वंदना, आणि नथ्थूजी. नथ्थूजी जुन्या गावचे. त्यांचं बालपण त्याच विहिरीच्या पाण्यावर गेलेलं, आता पुनर्वसनात असतात, आणि माझ्या फोनवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

"वयनी, इहीर चिंचेच्या बुडाशी होती," ते काठी रोवून म्हणाले, "अन् चिंच होती थ्या तिकडे, नाल्याच्या अंगानं."

"चिंच कुठाय आता?"

"चिंच नाई. पन जागा आहे ना! म्या तिचं पानी पेलं हाये. तुमचं मशीन पेलं काय?"

त्यांनी दाखवलेल्या जागी आम्ही लांब बांबू खुपसून पाहिला. कमरेएवढा जाऊन टणक जमिनीला लागला. तिथं काही नव्हतं. नथ्थूजींचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. पण माणसाची आठवण तरी किती धरून ठेवणार? नाला सरकला, काठ सरकला, झाडं गेली. ज्या खुणांच्या खुंटीला आठवण टांगली होती, त्या खुंट्याच गेल्या. मग माझ्या फोनच्या ठिपक्यावर गेलो. तिथं बांबू थोडा जास्त खोल गेला, चिखलाचा एक सुस्कारा आला, आणि मी मनाशी म्हटलं, सापडली. मनाला जे हवं असतं ते त्याला फार लवकर सापडतं, नाही? मी माझ्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांबूला बांधला आणि तिथं निशाण रोवलं. वंदनाला बजावलं, "ह्या निशाणाच्या जवळपास फिरकू नको. दूरच्या कोपऱ्यातून सुरुवात कर आणि निशाणापासून लांबच राह्यजो." नथ्थूजींना निशाणाच्या अलीकडं, बांबूनं चाचपलेल्या टणक जागी बसवलं. गुरंढोरं आली तर हाकलायला, हे निमित्त. त्यांचा रुसवा निघावा, हा हेतू.

मी स्वतः लॅपटॉप घेऊन टेकडीवर माता मायच्या देवळाशी येऊन बसले. धरणाच्या पाण्याला इथवर कधी चढता आलं नाही. जुन्या गावचं तेवढंच एक घर जागच्या जागी राहिलं, देवीचं. खाली ट्रॅक्टर सुरू झाला. वंदनानं डोक्याला बांधलेला पिवळा दुपट्टा, मागं उलटत जाणारी काळीभोर माती, त्या मातीवर उतरणारे बगळे, सगळं कसं चित्रासारखं. आणि तरी नथ्थूजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. 'तुमचं मशीन पेलं काय?' मशीन पाणी प्यालेलं नव्हतं. मग त्याची परीक्षा कुणी घेतली होती?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. मी भात चाचपला नव्हता. पातेलं उतरवून सरळ पंगतीत वाढलं होतं. पण एक शीत तर माझ्या पाठीशीच होतं! त्याच जुन्या नकाशावर, त्याच शाईत, माता मायचं देऊळही होतं, आणि त्याचेही आकडे. जी जागा मला ठाऊक आहे, जिच्या पायरीला मी टेकून बसले आहे, तीच ह्या जात्यात घालून पाहावी. मी वरचा बाण दाबला, सकाळची ओळ परत आली, तिच्यात विहिरीच्या जागी देवीचे आकडे घातले. उत्तर आलं. फोनमध्ये भरलं.

माझा निळा ठिपका देवळावर होता. आणि आकड्यांतून निघालेलं देऊळ दूर खाली, आग्नेयेला, दोन शेतं ओलांडून, उघड्या गाळात!

किती शांतपणे आलं होतं ते उत्तर! दशांशचिन्हापुढं रांगेनं उभे असलेले आकडे, एकालाही घाम नाही, एकाचाही पाय थरथरत नाही. ह्या खिडकीचं हेच आहे बघा: चुकीचा शब्द लिहिला तर ती नाही म्हणते, पण बरोबर शब्दांत चुकीची गोष्ट सांगितली तर मुकाट्यानं दळून देते. देवी हललेली नव्हती. हललेली मी होते. आणि देवी जर आग्नेयेला घसरली होती, तर विहीरही तशीच घसरली असणार. म्हणजे खरी विहीर निशाणाच्या वायव्येला, दोन शेतं पलीकडं. मी मान वर केली. निशाणाच्या वायव्येला, दोन शेतं पलीकडं, पिवळा दुपट्टा उन्हात चमकत होता.

मीच तिला तिथं पाठवलं होतं. निशाणापासून लांब राहा म्हणून.

मी परत भिंतीवरच्या नकाशाकडं वळले. फोटो मोठा केला. नकाशाच्या कोपऱ्यात पुसट अक्षरांत एक ओळ होती. मी ती छापखान्याची समजून सोडून दिलेली. ते छापखान्याचं नाव नव्हतं, पृथ्वीचं होतं. जुन्या इंग्रजी मोजणीवाल्यांनी पृथ्वी थोडी निराळ्या घेराची मानली होती, तिचा मध्यही थोडा निराळा. फोनमधली पृथ्वी पुढं उपग्रहांच्या काळात मोजलेली. लहानपणी मामाच्या गावची पायली आणि आमची पायली यांचं कधी जमायचं नाही. दोन्हीकडं 'एक पायली ज्वारी' म्हणायचे, आणि ओतली की एकीत शिगोशीग, दुसरीत अर्धा पसा कमी. मी मामाच्या पायलीची ज्वारी आमच्या पायलीनं मोजून मोकळी झाले होते. गावच्या विहिरींचे आकडे फोनवरूनच आलेले असायचे म्हणून रोज जी पृथ्वी लिहायची, तीच ह्याही वेळी दोन्ही बाजूंना लिहिली होती. हातवळणानं.

जुन्या पृथ्वीचं नाव घालून ओळ पुन्हा लिहिली. एक अक्षर चुकलं. खिडकी नाही म्हणाली. पुन्हा लिहिली. देवी देवळात आली. विहिरीचे आकडे घातले. फोनवर ठिपका उमटला, वंदना आत्ता नांगरत होती त्या तासाच्या, त्या सरळ ओळीच्या, पुढच्या टोकाशी.

वंदनाला फोन लावला. वाजत राहिला. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला फोन कुठला ऐकू येतो? उभी राहून दोन्ही हात हलवले. तिनं पाहिलं आणि एक हात वर करून मलाच हलवून दाखवला, 'मजेत आहे काकू' असा! हाक मारली, ती टेकडी उतरायच्या आधीच विरली. ह्या गुडघ्यांनी मी खाली पोचणार कधी? मग नथ्थूजी आठवले. त्यांच्या खिशात बटणांचा फोन, आणि ते बसले होते ट्रॅक्टरच्या आवाजापासून लांब, निःशब्द गाळात.

"नथ्थूजी, निशाण उपटा!"

"काऊन जी? आता तर म्हनत होत्या हात नोका लावजा."

"उपटा आणि उंच धरून वंदनाकडे निघा. आल्या पावलांवरून नांगरलेल्या पट्ट्यावर जा, पुढं त्याच्यावरूनच चाला, वाळलेल्यावर पाय ठेवू नका. पळा!"

"म्हंजे इहीर इथं नाई?" त्यांच्या आवाजात चिंचेची आशा डोकावली.

"नथ्थूजी, तुमच्या पाया पडते, भांडण संध्याकाळी!"

ते निघाले. म्हातारा माणूस, चालू फोन तसाच खिशात, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात लाल फडकं लावलेला बांबू, मऊ ढेकळांत रुतत, उठत, पुन्हा रुतत. मी फोन कानाला लावून त्यांचा धपापणारा श्वास ऐकत होते आणि डोळ्यांनी पिवळा दुपट्टा धरून ठेवला होता. कधी कधी वाटतं, माणसाला दुरून पाहण्याइतकी कठोर शिक्षा नाही. जवळ असतं तर हात धरला असता, ओढलं असतं, शिवी दिली असती. दुरून फक्त पाहायचं. टेकडीवरून सगळं दिसतं, आणि दिसणं हे किती निरुपयोगी असतं!

वंदनानं तास पुरा करायला मान वर केली आणि तिला दिसलं, जे निशाण जागेवर रोवलेलं असायला हवं ते तिच्याकडं चालत येतंय. तिला कारण कळायची गरज नव्हती. एकच गोष्ट सांगितली होती, निशाणाच्या जवळ जायचं नाही. आणि आता निशाणच जवळ येत होतं. ट्रॅक्टर थांबला. मग त्याचा आवाजही थांबला. त्या शांततेत गाळावरचे बगळे एकदम उडाले.

"आहे तिथंच थांबजो!" नथ्थूजी ओरडले. ते मला फोनवरून ऐकू आलं.

मी कशी खाली उतरले ते मला आठवत नाही. नांगरलेल्या मातीवरून ट्रॅक्टरपर्यंत गेले, ठिपका पाहिला, आणि नथ्थूजींना म्हटलं, चाकाच्या पुढं बांबू टाका. निशाणाचाच बांबू होता तो. त्यांनी फडकं सोडून खांद्यावर घेतलं आणि बांबू खुपसला. पहिल्यांदा कमरेपर्यंत गेला, टणक लागला. थोडं पुढं. पुन्हा टणक. आणखी थोडं पुढं, आणि बांबू त्यांच्या हातातून गेला. खुपसावा लागला नाही, गेला. पूर्ण, एवढा लांब बांबू. त्या भोकातून एक थंड, कोंडलेला, कुजका श्वास वर आला आणि सायीवरची एक खापरी आत घसरली. ती कुठं पोचली ते कुणालाही ऐकू आलं नाही.

वंदना ट्रॅक्टरवरून उतरली, दोन पावलं मागं गेली आणि ओल्या ढेकळात मटकन बसली.  मग दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाली, "काकू, मले वाटलं हे निशाण घिऊन नाचून राह्यले. म्हटलं म्हातारपनी यायले काय झालं?"

नथ्थूजी हसले नाहीत. ते पोटावर झोपून त्या भोकाकडं सरकले होते, मी ओरडेपर्यंत. "इकडे होती व्हय," ते स्वतःशीच पुटपुटले. "मंग चिंच कोनती होती मायी?"

 त्यांची चिंचही खरी होती आणि माझे आकडेही खरे होते; दोन्ही फक्त आपापल्या पृथ्वीवर खरे होते. आपण एकमेकांना आयुष्यभर आकडे सांगत राहतो, अंतरं सांगत राहतो, 'इथंच तर आहे', 'अगदी जवळ आहे', आणि कुठल्या पृथ्वीवरून मोजून बोलतो आहोत ते मात्र सांगायचं राहून जातं. त्या राहून गेलेल्या एका शब्दाच्या जागी केवढी खोल विहीर असते! वंदनाचा हात धरून मी बराच वेळ बसले होते. तिला वाटलं, मी तिला धीर देते आहे.

आता चैत्र सरत आलाय. गाळाची फरशी तापून पिठासारखी झाली आहे, वास उडून गेलाय. विहिरीभोवती आम्ही बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ऐसपैस. बाकी सगळ्या तुकड्यावर टरबुजाचे वेल पसरलेत. आणि वेलाला कुंपण काय कळतं? थंडावा जिकडं, तिकडं त्याचं तोंड. एकेक रात्रीत हातभर सरकून ते काट्यांमधून आत शिरू पाहतात. रोज सकाळी फळं तोडण्याआधी वंदना त्या कुंपणाभोवती फिरते, वाकते, आणि आत निघालेल्या प्रत्येक वेलाचं कोवळं टोक दोन बोटांत धरून, मोडू न देता, हळूच बाहेरच्या बाजूला वळवून ठेवते.